चकचकीत चिकन

शुक्रवार, ६ जून

पोचलो. सामान मोजलं, पोरं मोजली. सगळं जागेवर.

डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय, रोज जे वाटलं ते वहीत लिहायचं. वाटत काही नाही, म्हणून जे झालं ते लिहिते.

हे बेट माझ्या नवऱ्याने निवडलं होतं. जानेवारीत एका रविवारी जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरून त्याने मुलांना डोळे मिटून बोट ठेवायला लावलं. धाकट्याचं बोट समुद्रात पडलं. तर हा म्हणाला, बोटाच्या सगळ्यात जवळची जमीन कुठली ते बघा, तिथेच जायचं. मार्चच्या अठ्ठावीसला कारखान्यात एका पंपाचं झाकण उघडता उघडता तो खाली बसला आणि उठला नाही. तिकिटं तशीच राहिली. मी रद्द करायला फोन लावला होता. पलीकडची मुलगी म्हणाली, "कारण सांगा." मी फोन ठेवून दिला.

थोरली अकरा वर्षांची. तिला तो बाईसाहेब म्हणायचा, म्हणून मीही म्हणते, पण माझ्या तोंडी ते टोमण्यासारखं येतं. धाकटा सात वर्षांचा, टिंबू. दोघं त्याच्या पहिल्या बायकोची. टिंबू वर्षाचा असताना ती आजारपणात गेली. मी आले तीन वर्षांपूर्वी. पहिल्याच भेटीत टिंबू मला 'मावशी' म्हणाला आणि तेच चिकटलं.

घर म्हणजे दोन खोल्या, एक व्हरांडा आणि एक ओटा. ओट्यावर विजेची एकच शेगडी, मधून कोटिंग उडालेला एक पॅन, दोन पातेली, एक बोथट सुरी. खिडकीतून नारळाची झाडं आणि समुद्र दिसतो. हवा अशी दमट की टॉवेल वाळतच नाही. छान आहे. म्हणजे, छान आहे हे मला समजतं.

बॅगा उघडायच्या आधी टिंबूने विचारलं, "परवा रविवार आहे. चकचकीत चिकन करायचं ना?"

बाईसाहेबांनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो बॅगेच्या मागे जाऊन बसला.

शनिवार, ७ जून

चकचकीत चिकन म्हणजे त्याचं जपानी चिकन. लग्नाच्या कितीतरी आधी तो पंपांचं काम शिकायला आठ महिने जपानात होता. तिथल्या घरमालकीणबाईंनी त्याला एवढा एकच पदार्थ शिकवला. त्याचं खरं नाव तेरियाकी, पण मुलांनी ठेवलेलं नाव हे. दर रविवारी तो करायचा. तेवढा वेळ स्वयंपाकघर त्याचं, आणि मी बाल्कनीत पाय वर घेऊन पेपर वाचायची. तीन वर्षांत एकदाही आत जाऊन बघितलं नाही. सोया सॉस असायचा एवढं माहीत आहे.

मुलांच्या मामांचा फोन आला. सुखरूप पोचलात ना, मुलं खेळतात का, परतीचं विमान पुढच्या रविवारी किती वाजता. मी सगळं सांगितलं.

हेही लिहून ठेवते. मुलं सुट्टीनंतर मामांकडे राहायला जाणार आहेत, कायमची. मामांनी मे महिन्यात विचारलं. मोठं घर, मामी प्रेमळ, त्यांचीही दोन मुलं. शाळाही बघून ठेवलीय. मी हो म्हटलं. त्यांनी तीन वेळा विचारलं, "ताई, नक्की?" मी तीनदा हो म्हटलं. मी मुलांची कोण? आई नाही, रक्ताची मावशीही नाही. बाप होता तोपर्यंत मी त्या घरातली होते. खरं सांगायचं तर हो म्हटल्यावर मला हलकं वाटलं. हलकं म्हणजे बरं नव्हे. दुकानातून पिशवी न घेताच बाहेर पडल्यासारखं.

परतीच्या दिवशी मामा विमानतळावर येणार आणि तिथूनच मुलांना नेणार. मुलांना अजून सांगितलेलं नाही. मामी म्हणाल्या, बेटावर सांगा, आनंदात असतील तेव्हा.

आमच्या एक्स-रे विभागात पाळी बदलताना पुढच्या माणसासाठी वहीत सगळं लिहून ठेवावं लागतं. कुठल्या टेबलाचा ब्रेक लागत नाही, कुणाचा फोटो राहिलाय. न लिहिता गेलं की दुसऱ्या दिवशी ऐकून घ्यावं लागतं. म्हणून मामींसाठी यादी करतेय.

टिंबूचं दूध कोमट, करंगळी बुडवून बघायचं. त्याच्या चष्म्याची डावी काडी सैल होते, दर पंधरा दिवसांनी आवळायची. बारीक पेचकस माझ्या पर्समध्ये आहे, तो द्यायचा. बाईसाहेबांना मागून हाक मारायची नाही, दचकते. ती 'भूक नाही' म्हणाली तर भूक असते. 'थोडीशीच आहे' म्हणाली तर नसते. गणित अडलं की ती केस तोंडात घालते. तेव्हा मदत करायला जायचं नाही, नुसतं तिथेच बसायचं. टिंबू खोटं बोलताना खूप तपशील देतो.

चिकन यादीत घ्यायचंय, पण आधी यायला हवं.

रविवार, ८ जून

सकाळी तिघं दुकानात गेलो. वाळूच्या रस्त्याने दहा मिनिटं, वर पत्रे, आत एकच पंखा, आणि तोही दुकानदारीणबाईंच्या तोंडावर. सोया सॉस मिळाला. चिकनच्या छातीचे तुकडे मिळाले. बाई टिंबूला म्हणाल्या, "आईला मदत करतोस का रे?"

टिंबू म्हणाला, "ही मावशी आहे. आधी आई होती, मग आई आणि बाबा नाही, फक्त बाबा होते, मग बाबा आणि मावशी, आता मावशी आहे."

बाईंनी त्याला एक गोळी फुकट दिली. तो म्हणाला, "ताईला पण." मग दुसरीही दिली.

दुपारी चिकन केलं. म्हणजे तुकडे पॅनमध्ये टाकले, वर सोया सॉस ओतला, झाकण ठेवलं. झाकण काढलं तर बोटभर तपकिरी पाण्यात पांढरे गोळे पोहत होते. ताटात वाढलं. मी खाल्लं. मला कळलं नाही. मार्चपासून जिभेला काहीच कळत नाही; चहा आणि गरम पाणी यातला फरक रंगावरून ओळखते. डॉक्टरीणबाई म्हणतात, होतं असं.

टिंबू बराच वेळ चावत राहिला. मग म्हणाला, "चांगलं आहे. पण हे ते नाही."

बाईसाहेबांनी ताट पुसून खाल्लं. मी विचारलं, "तुला आठवतं का गं, बाबा कसं करायचे?"

"थोडं थोडं," म्हणाली आणि ताट घासायला गेली.

हे एकदा जमलं की यादी पूर्ण. मग सांगून टाकीन त्यांना. हे शेवटचंच राहिलंय.

सोमवार, ९ जून

समुद्रावर गेलो. बाईसाहेबांचं पोट दुखत होतं, ती घरीच थांबली. टिंबूने वाळूत पंप बांधला. तसा सांगून बांधला म्हणून पंप, नाहीतर ढिगाराच. लाटेने नेला. त्याने पुन्हा बांधला. पुन्हा नेला. चार वेळा. मी विचारलं, "जरा वर का नाही बांधत, कोरड्यात?" तर माझ्याकडे कीव आल्यासारखं बघून म्हणाला, "पंप आहे ना मावशी. पाणी नको का?"

परत आलो तर ही वही उशीखाली उलटी होती आणि पेन दुसऱ्याच पानात. व्हरांड्याचं दार उघडं राहिलं होतं, वारा आला असेल. बाईसाहेबांचं पोट बरं होतं. डोळे सुजलेले. खारं वारं कुणाकुणाला सोसत नाही, मलम लावलं.

मंगळवार, १० जून

आज बाईसाहेब आपणहून ओट्यापाशी आल्या. "मला आठवलं. मी सांगते तसं कर."

मी केलं तसं. पॅन कडकडीत तापवायचा, आधी सोया सॉस आणि साखर घालायची, मग चिकन. दोन मिनिटांत साखर करपली. धुराने दोन्ही खोल्या भरल्या, शेजारच्या घरातले पाहुणे विचारायला आले. पॅनचं उरलंसुरलं कोटिंगही निघालं.

"असंच करायचे ते?" मी विचारलं.

"हो."

"करपायचं नाही?"

"कधीकधी करपायचं."

टिंबू मध्येच म्हणाला, "नाही, बाबांचं कधी..."

ब्रेड खाल्ला. पॅन घासायला पाऊण तास लागला. घासताना बरं वाटलं. हात कशात तरी असले की बरं.

बुधवार, ११ जून

पहिले पाढे पंचावन्न. आज बाईसाहेबांच्या सांगण्यावरून मक्याचं पीठ घातलं. चार चमचे. "चकाकी त्यानेच येते," म्हणाल्या. आली. इतकी आली की उलथणं सॉसमध्ये उभं राहिलं. टिंबूने चिकन उचललं तर सगळी ताटलीच वर आली. तो हसला. त्याचं हसू बघून बाईसाहेबही हसल्या, आणि मग दोघं एकदम गप्प झाले, जणू वर्गात बाई आल्या.

मी म्हटलं, "आता आणखी काय राहिलं? तिसरा डाव आहे."

"अजून बरंच राहिलंय," बाईसाहेब म्हणाल्या. "लगेच येत नाही ते. बाबांना आठ महिने लागले."

टिंबू म्हणाला, "ताई, पण बाबा कातडीची बाजू खाली..." आणि एकदम 'आई गं' करून नडगी चोळायला लागला. टेबल फारच बुटकं आहे इथलं. मालकिणीला सांगायला हवं.

मामांचा फोन. मुलांना सांगितलं का? म्हटलं, उद्या.

गुरुवार, १२ जून

नाही सांगितलं.

टिंबूला कमरेपर्यंत पाण्यात नेलं. माझा हात धरून उभा होता. म्हणाला, "मावशी, तुला चिकन येत नाही तोपर्यंत आपण इथेच राहणार?"

"नाही रे. रविवारी विमान आहे."

त्याने विचार केला. लाट आली, दोघं उडालो. मग तो घडाघडा बोलायला लागला. छातीचं नाही, तंगडीचं लागतं, हाड काढलेलं, कातडीसकट. कातडी टिपून कोरडी करायची. गार पॅनमध्येच ठेवायचं, कातडी खाली, तेल नाही, बारीक आच. तेल त्याचं त्यालाच सुटतं. उलटायचं एकदाच. सॉस सगळ्यात शेवटी. सोया सॉस, साखर, आल्याचा रस, थोडं व्हिनेगर. आणि चमच्याने वरून घालत राहायचं. "खिडकी दिसली की झालं."

"कुठली खिडकी?"

"चिकनवर. खिडकी दिसते ना त्याच्यात. बाबा मला उचलून दाखवायचे."

एवढे तपशील दिले म्हणून आधी मला वाटलं, थापा मारतोय.

"मग ताईला हे माहीत नाही?"

तो पाण्यात बसला. डोकं बुडेपर्यंत. वर आला तेव्हा म्हणाला, "मला शू लागली."

शुक्रवार, १३ जून

सकाळी दुकानात एकटी गेले. हाड काढलेली तंगडी नव्हती, दुकानदारीणबाईंनी आतल्या खाटकाकडून काढून आणून दिली. बाईसाहेब व्हरांड्यात पुस्तक घेऊन बसल्या होत्या. टिंबू माझ्या बाजूला स्टुलावर उभा. गार पॅन, कातडी खाली, बारीक आच. वीस मिनिटं काहीच होत नाहीसं वाटलं, मग चुरचुर सुरू झाली. उलटलं. सॉस घातला. तो फसफसला, मग घट्ट व्हायला लागला, मग मी चमच्याने वरून घालत राहिले. टिंबूला उचलून घेतलं. तो वाकून म्हणाला, "अजून नाही. अजून नाही. आली!"

खरंच, तपकिरी चिकनवर एक लहानशी पांढरी खिडकी होती. आडवी दांडी, उभी दांडी, सगळं.

मी बाईसाहेबांना हाक मारली, समोरून. त्या आल्या. ताटलीत बघितलं. माझ्याकडे बघितलं. टिंबूकडे बघितलं. तो माझ्या मागे गेला. तिने ताटली उचलली, व्हरांड्याच्या पायऱ्या उतरली आणि सगळं वाळूत उपडं केलं. घाईने नाही. कचऱ्याचा डबा रिकामा करतात तसं.

मी दारात उभी राहिले. "काय केलंस हे?"

"आता लिही ना!" ती ओरडली. "आलं ना तुला? जा, लिही यादीत. एवढंच राहिलं होतं ना? दूध कोमट, काडी सैल, चिकन आलं. झालं!"

"तू माझी वही वाचलीस."

"तू आम्हाला विचारलंस?"

मी एक पायरी उतरले.

"मला पहिल्या दिवसापासून येतंय ते चिकन. बाबांनी मला शिकवलंय. मुद्दाम चुकीचं सांगितलं, रोज सांगणार होते. रविवारपर्यंत."

"रविवारी तर विमान..."

"माहितीये मला!" मग आवाज एकदम खाली आला. "मामा चांगला आहे. मामीपण चांगली आहे. पण मामाने तीनदा विचारलं. तीनदा. एकदा तरी नाही म्हणायचं."

टिंबू मागून म्हणाला, "कुठे जायचंय?"

त्याला एवढंच माहीत होतं की ताई म्हणते चिकन नीट होऊ द्यायचं नाही. खिडकी बघायच्या मोहात त्याने ते सांगून टाकलं होतं. मग मी त्याला सांगितलं. ज्याला आनंदात असताना सांगायचं होतं, त्याला वाळूत पडलेल्या चिकनसमोर सांगितलं. त्याने ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग तुझ्याजवळ कोण राहणार?"

मी म्हटलं, "कुणी नाही. मी एकटी राहू शकते."

"अंधार झाल्यावर?"

"हो."

तो जाऊन ताईच्या शेजारी पायरीवर बसला. मी वाळूतलं चिकन गोळा केलं, पॅन धुतला, ओटा पुसला. राग यायला हवा होता. रडू यायला हवं होतं. मी दोन्हीची वाट बघितली. शेगडीचं बटण बंद आहे का ते तीनदा पाहिलं.

शनिवार, १४ जून

सकाळी व्हरांड्यात बाईसाहेबांच्या शेजारी जाऊन बसले. ती पाय पुढे पसरून घोट्यावरची वाळू झटकत होती. मी जे बोलले ते जसंच्या तसं लिहिते, कारण पुन्हा मला ते सुचणार नाही.

म्हटलं, "मला काही वाटत नाही गं. बाबा गेल्यापासून. तुम्ही रडलात, मी चहा करत होते. आताही वाटत नाही. असल्या बाईजवळ राहून तुमचं काय होणार, म्हणून हो म्हटलं मी मामाला."

ती वाळू झटकतच राहिली. मग म्हणाली, "मला पण नाही वाटत."

"तू रडतेस की."

"ते वही वाचली म्हणून. बाबांसाठी नाही रडले मी अजून. टिंबू हसतो ना दिवसभर, ते पण नुसतं तोंड हसतं त्याचं." मग दुसऱ्या घोट्याकडे वळून, "मामाकडे सगळे सारखे विचारणार, कसं वाटतंय बाळा, कसं वाटतंय. तू विचारत नाहीस."

"मला सुचतच नाही विचारायचं."

"तेच तर."

मी म्हटलं, "मी आज मामाला फोन करते. नको सांगते. पण मग तुम्हाला माझ्याबरोबर राहावं लागेल, असं. दगडाबरोबर."

"चालेल," बाईसाहेब म्हणाल्या. जशी एखादी भाजी चालेल म्हणतात.

फोन केला. मामींनी उचलला. म्हणाल्या, हे बाहेर गेलेत, मुलांसाठी पलंग यायचाय ना आज, दुमजली, टिंबूला वर झोपायला आवडेल ना? मी म्हटलं, आवडेल. उद्या बोलते म्हटलं आणि ठेवला. बाईसाहेब समोरच उभ्या होत्या. नजर अशी होती की मी शपथ घेतल्यासारखं म्हणाले, "उद्या. तोंडावर सांगते. नक्की."

दुपारी पुन्हा चिकन. या वेळी बाईसाहेबांनी सांगितलं, खरं खरं. टिंबू दोन गोष्टी विसरला होता. कातडीला काट्याने टोचायचं, नाहीतर ती आकसते. आणि उलटल्यावर सुटलेलं तेल कागदाने टिपून घ्यायचं, नाहीतर सॉस चिकटत नाही. सॉस ओतायचं काम तिने स्वतः केलं. मनगट फिरवून, एका दमात. तोही तसाच ओतायचा का ते मला माहीत नाही. मी पेपर वाचत होते.

तिघं जमिनीवरच बसलो, टेबल बुटकं आहे म्हणून. पहिला घास घेतला आणि म्हटलं, "सॉस जास्त झाला का? खारट लागतंय."

दोघंही खायचे थांबले. बाईसाहेब माझ्याकडे बघत राहिल्या. काय झालं विचारलं तर म्हणाल्या, "काही नाही. थोडंसंच खारट आहे."

टिंबू म्हणाला, "बाबांचं पण व्हायचं."

दोन घोट जास्त पाणी प्यायले. मग उरलेलं सगळं खाल्लं, वाया कशाला घालवायचं.

रविवार, १५ जून

विमानात टिंबूला ओकारी झाली, माझ्या मांडीवर. ते बरंच झालं. उतरल्यावर पहिली दहा मिनिटं बाथरूममध्ये गेली आणि मला काय बोलायचं ते ठरवता आलं. ठरवलेलं त्यातलं काहीच बोलले नाही.

मामा कठड्यापाशी उभे होते. इस्त्रीचा शर्ट, हातात दोन टोप्या, एक लाल, एक निळी. मुलांना जवळ घेतलं, टोप्या घातल्या, आमची ट्रॉली स्वतःकडे ओढली. "गाडी खालीच लावलीय. ताई, तुम्हाला आधी घरी सोडतो, मग आम्ही निघतो."

बाईसाहेबांनी ट्रॉलीचं दुसरं टोक धरून ठेवलं होतं. सोडत नव्हत्या.

मी म्हटलं, "दादा, मुलं माझ्याकडे राहू देत."

त्यांना वाटलं, आजच्यापुरतं. "बरं, उद्या येतो ना मी. दमला असाल."

"उद्या नाही. राहू देतच."

गर्दी होती, माणसं आमच्या दोन्ही बाजूंनी चालली होती. मामा म्हणाले, "तीनदा विचारलं मी तुम्हाला."

"हो."

"खोली रंगवून घेतली. शाळेत बोलून आलो. काल पलंग जोडला, चार तास जोडत बसलो होतो."

"माझं चुकलं, दादा."

त्यांना राग आला असता तर सोपं गेलं असतं. ते आमच्याच सुटकेसवर बसले. भला उंच माणूस, गुडघे छातीपर्यंत आले. म्हणाले, "बहीण गेली तेव्हाही मी गप्प राहिलो. म्हटलं, दाजी आहेत, मुलांना बाप आहे, आपण कोण मध्ये पडणार. आता म्हटलं, आता तरी तिच्यासाठी काहीतरी..." आणि चष्मा काढून पुसायला लागले. पुसून झाला तरी घालेनात.

मी त्यांच्याकडे बघत होते आणि लक्षात आलं, की मीही 'आपण कोण' असंच म्हणत होते. दोघं तेच म्हणत होतो.

टिंबू त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिला. "मामा, पलंग खरंच दुमजली आहे?"

"हो रे."

"मग सुट्टीत मी वर. ताई खाली. तुला चकचकीत चिकन आवडतं का? मावशीला येतं आता."

मामा हसले की रडले ते मला सांगता येणार नाही. बाईसाहेबांनी ट्रॉली सोडली, त्यांच्याजवळ गेली आणि तशीच उभी राहिली, त्यांच्या खांद्याला नुसता दंड टेकवून. ती कुणाजवळ जाते तेव्हा अशीच जाते. हे यादीत नव्हतं.

मामांनी आम्हाला तिघांना घरी सोडलं. वर आले, पाणी प्यायले. निघताना मला म्हणाले, "ताई, काही लागलं तर..." आणि पुढचं वाक्य दोघांनाही माहीत होतं म्हणून ते गेले.

घर बंद होतं नऊ दिवस. खिडक्या उघडल्या.

गुरुवार, १९ जून

सोमवारपासून कामावर जातेय. मुलांची शाळा सुरू झाली. बाईसाहेबांनी डबा नको म्हटलं, भूक नाही म्हणाल्या. दोन पोळ्या जास्त दिल्या.

आज अकराच्या सुमारास एक आजोबा आले, छातीचा फोटो काढायला. खोकला पंधरा दिवसांचा. शर्ट काढून दिला, काखेत चष्मा धरून उभे. त्यांना फळीला छाती टेकवून उभं केलं, हनुवटी वर, खांदे पुढे. रोजचंच. भिंतीआड गेले आणि रोजचंच म्हटलं, "खोल श्वास घ्या, आजोबा. धरून ठेवा. हलू नका."

बटण दाबलं. पडद्यावर फोटो आला. दोन्ही फुप्फुसं काळीभोर, भरलेली, बरगड्या ओळीत. आणि मधोमध, जरासं डावीकडे झुकलेलं, त्यांचं हृदय. चांगलं होतं. नेमक्या मापाचं. वीस वर्षं मी रोज पन्नास-साठ बघते. हे सत्तर-पंचाहत्तर वर्षं चाललंय, आणि अजून चालतंय.

त्याचं सेहेचाळीस वर्षं चाललं.

आवाज कुठून आला ते कळलं नाही, आधी वाटलं मशीनचा आहे. मग कळलं, मी रडतेय. रुमाल सापडेना, एप्रनला तोंड पुसलं, आणखी रडू आलं. किती वेळ गेला कोण जाणे.

पलीकडून अगदी दाबलेल्या आवाजात आजोबा म्हणाले, "बाई... सोडू का?"

मी मान हलवली. भिंतीआडून ती त्यांना कशी दिसणार. मग हुंदका गिळून ओरडले, "सोडा आजोबा, सोडा, सोडा!"

फोटो चांगला आला. दुसरा काढावा लागला नाही.